परिपत्रक खरं की बनावट, कसं ओळखता?

प्रश्न: परवा रात्री हॉस्टेलच्या ग्रुपवर 'पेपर पुढे ढकलले' असं परिपत्रक आलं. गोल शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मी पुस्तक मिटून झोपलो. सकाळी रूममेटनं हलवून उठवलं, अर्धा तास उशिरा पोचलो. तुम्ही नेमकं काय बघता?

उत्तर १: आधी जावक क्रमांक, म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंदणी क्रमांक. शिक्का काय, कुणीही चिकटवतो.

उत्तर २: २०१६ मध्ये २००० च्या नोटेत चिप असल्याचं टीव्हीवालेही सांगत होते! अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासात, वेबसाइट विश्वासाची आहे का हे ठरवताना विद्यार्थी तिचा लोगो न्याहाळत बसले. फॅक्ट-चेकर, म्हणजे माहिती खरी की खोटी ते तपासणारे, मात्र लगेच दुसरी टॅब उघडून साइट कोणाची ते शोधत होते. तसंच विद्यापीठाची साइट उघडायची.

प्रश्नकर्ता: आत्ता पाहिलं. जावक क्रमांकाची जागा कोरीच आहे राव.