मदत हवी आहे: १९६७ ची मस्टँग, गंज किती खोल?
मंडळी, मी मिशिगनमध्ये असतो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाड्या खालून सडतात. ३९० (क्युबिक इंच) इंजिनची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (छत मागे उतरत जाणारं मॉडेल) बघून ठेवली आहे. वरून रंग झकास, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तर पत्रा ओला. मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आरपार गेला. वायपरखालच्या काउलमध्ये (पुढच्या काचेखालची, हवा आत घेणारी पत्र्याची पेटी) पाणी ओतलं की डॅशखाली ठिबकतं. फ्लोअरचा पत्रा नवा मिळतो, त्याचं काही नाही. पण या गाडीला वेगळी चासी (बॉडीखालचा सांगाडा) नसते, भार बॉडीच पेलते, म्हणून खरी धास्ती फ्रेम रेल (तळाचे लांब पोकळ पत्र्याचे दांडे) आणि टॉर्क बॉक्सची (ते दांडे दाराखालच्या पट्टीशी जोडणाऱ्या पेट्या). ते आतून किती खाल्ले गेलेत, हे सौद्याआधी कसं ओळखायचं? कापाकापीत बॉडी वाकू नये म्हणून आधार कुठे द्यावा? आधी काउल की फ्लोअर? गाडी मनात भरली आहे, कृपया सविस्तर सांगा.