मदत हवी आहे: दहावीतली मुलगी, हिमोग्लोबिन ९.४, अभ्यासात लक्ष टिकत नाही

डिचोलीची_आई:
मुलगी १५ वर्षांची, वजन ४५ किलो. चार महिन्यांपासून शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ आडवी होते. गणितात वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवताना चुकतो, पीटीला धावली की धाप लागते. फ्रीजमधला बर्फ काढून कडाकडा चावत बसते. रात्री पाय चुळबुळ करतात म्हणते, झोप लागत नाही. वर्गात ‘आळस आणि मोबाईल’ असा शिक्का बसलाय.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.४, आरबीसी ४.३ दशलक्ष, एमसीव्ही ६८, एमसीएच २१.९, आरडीडब्ल्यू १८.२, प्लेटलेट ४.७ लाख. पाळी सात-आठ दिवस चालते. फार्मसीतून टॉनिक आणलंय, बीटचा रस आणि नाचणीचं सत्त्व सुरू आहे.

अभ्यास खरंच रक्तामुळे बिघडलाय का? टॉनिक पुरेल का? बोर्डाच्या परीक्षेला साडेचार महिने आहेत, तोवर भरून निघेल का?

नळीतलं_रक्त:
आधी आकडे. या वयाच्या मुलीला १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, ८ ते १०.९ मध्यम. म्हणजे तुमचा रिपोर्ट मध्यमात. एमसीव्ही ६८ म्हणजे तांबड्या पेशी लहान झाल्यात (८० च्या आत लहान धरतात), आरडीडब्ल्यू वाढलाय म्हणजे लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ आहे. लोह कमी पडलं की प्लेटलेटही थोड्या चढतात, त्याने घाबरू नका.

लहान पेशी थॅलेसेमियाच्या (आईवडिलांकडून येणारा हिमोग्लोबिनचा दोष) वाहकातही दिसतात. सोपा हिशोब: एमसीव्हीला (पेशीचा सरासरी आकार) आरबीसीने (तांबड्या पेशींची संख्या) भागा. ६८ भागिले ४.३ म्हणजे १५.८. १३ च्या वर आलं की कौल लोहाच्या कमतरतेकडे, खाली आलं की थॅलेसेमियाच्या वाहकाकडे. हा नुसता कौल हं, निकाल नव्हे. निकालासाठी सीरम फेरिटिन करा, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी. १५ च्या खाली आलं तर साठा संपलाय, वाद नाही. ३० च्या खाली आलं तरी बहुतेक डॉक्टर उपचार करतात. ताप-सर्दी असताना हे रक्त देऊ नका. फेरिटिन तापात फुगतं आणि रिकामी कोठी भरलेली दिसते.

फेरिटिन चांगलं आलं, किंवा गोळ्या नीट घेऊनही पेशी लहानच राहिल्या, तर हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करावी लागेल. ती घाईने आत्ताच नको. लोह कमी असताना एचबीए२ (वाहकात वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटं कमी येतं आणि वाहक निसटतो.

खडूफळा:
आळसाच्या शिक्क्याबद्दल. लोह फक्त रक्तात लागतं हा समज चुकीचा. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, स्नायूंत प्राणवायू धरणाऱ्या मायोग्लोबिनला लागतं. म्हणून अशा मुलीला धडा कळतो, पण पाच पायऱ्यांचं गणित डोक्यात धरून ठेवता येत नाही. बुद्धी तीच, कामाच्या वेळी धरून ठेवण्याची ताकद कमी पडते. रात्रीची पायांची चुळबुळही बऱ्याचदा याच कमतरतेतून येते. झोप तुटली की सकाळचा पहिला तास गेलाच. बर्फ, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही जुनी, ओळखीची खूण आहे. ओरडून ती थांबत नाही, लोह मिळालं की काही दिवसांत आपोआप जाते.

शाळेला तोंडी सांगू नका. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: निदान, उपचाराचा काळ, पीटीत धावण्यातून सूट. प्रार्थनेला उभं राहून डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच खाली बसायची मुभा मागा. अंधारी येत असताना हट्टाने उभं राहिलं की पडून डोकं फुटतं. गणित-विज्ञान सकाळी किंवा दुपारी तासभर झोपून उठल्यावर घ्या, रात्री दहानंतर फक्त वाचन. लिहून सोडवताना प्रत्येक पायरी कागदावर उतरवायला लावा, तोंडी काही नको. निदान डोक्यावरचा भार कागदावर जातो.

औषधी_फडताळ:
ताई, टॉनिकचं बोलायला हवं. बाटलीवर मोठ्या अक्षरात क्षाराचं वजन असतं, लोहाचं नाही. २०० मिग्रॅ फेरस फ्युमरेटमध्ये लोह सुमारे ६५ मिग्रॅ. ‘एलिमेंटल आयर्न’ अशी ओळ शोधा, तोच आकडा खरा.

आता गरज बघा. ४५ किलोच्या मुलीला ९.४ वरून १३ वर आणायचं आणि वर साठाही भरायचा, तर ढोबळ ९०० मिग्रॅ लोह अंगात शिरायला हवं. गोळीतलंही सगळं शिरत नाही, थोडंच शिरतं. १०० ग्रॅम बीटमध्ये तर लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं! रंग लाल म्हणून रक्त वाढतं हा निव्वळ रंगाचा खेळ.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची. ती प्रतिबंधासाठी आहे, ९.४ ला पुरत नाही. सरकारी कार्यक्रमात सौम्य-मध्यम रक्तक्षयाला तशाच दोन गोळ्या रोज, तीन महिने असा नेम आहे. काही डॉक्टर दिवसाआड एक देतात. एक डोस घेतला की यकृत हेपसिडिन (लोह शिरणं रोखणारं संप्रेरक) सोडून सुमारे २४ तास आतड्यांचं दार अर्धवट लावून घेतं, म्हणून. कुठला नेम घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील, दोन्ही एकत्र करू नका.

गोळी फसते ती वेळेत. आपल्याकडे गोव्यात सकाळी चहा-पोई (पाव), शाळेतून आलं की शीत-हुमण (भात-आमटी), संध्याकाळी परत चहा. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं. गोळी चहाच्या आधी एक तास, किंवा नंतर दोन तास. तुमच्या घरात दुपारी साडेचारला, लिंबूपाण्याबरोबर, हीच वेळ बसेल. जेवण अडीच तास मागे गेलेलं असतं. चहा साडेपाचच्या आत नाही. दूध, कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं औषध यांच्याबरोबर अजिबात नको. मळमळलं तर दोन घास खाऊन घ्या, थोडं कमी शिरेल पण गोळी सुटणार नाही. सुटलेली गोळी शून्य. रात्री घेऊन लगेच आडवं होऊ नये, घशाशी येतं.

शौचाला काळसर होईल, ते अपेक्षित आहे. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं झालं तर मात्र दाखवा. बद्धकोष्ठ झालं म्हणून बऱ्याच मुली गोळी सोडतात. आधीच पाणी वाढवा, डॉक्टरांना सांगून डोस दिवसाआड करा, पण बंद नको. आणि डबा वर ठेवा. धाकटं भावंड असेल तर लोहाच्या मूठभर गोळ्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

शीतहुमण:
नाचणी वाईट नाही, पण तिच्यातलं फायटेट (धान्यातलं एक द्रव्य) लोह अडवतं, आणि सत्त्व दुधातून देत असाल तर दुधाचाही अडसर. तीच नाचणी रात्रभर भिजवून मोड काढली तर फरक पडतो. तांबडी भाजी शिजवून वर लिंबू पिळा, त्याच ताटात बांगडा किंवा तिसऱ्या असू द्या. मासळी-मटणातलं लोह स्वतः जास्त शिरतंच, शिवाय भाजीतल्या लोहालाही ओढून नेतं. खात असाल तर आठवड्यातून एकदा कोंबडीची कलेजी. शाकाहारी घर असेल तर आळसांदे (चवळी), मूग मोड आणून, सोबत पेरू. सोलकढीने लोह वाढतं असं कोणी सांगेल, सोलं (आमसुलं) आंबट आहेत एवढंच, क जीवनसत्त्वासाठी लिंबू-पेरूच.

पण अन्नाने पुढे टिकवायचं असतं. आत्ताचा खड्डा गोळीनेच भरायचा.

नळीतलं_रक्त:
एक राहिलं: गळती कुठे आहे? सात-आठ दिवस पाळी म्हणताय, म्हणून मोजा. दर एक-दोन तासांनी पॅड भरतं का, रात्री उठून बदलावं लागतं का, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडतात का. यातलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. पहिल्या पाळीपासूनच असं असेल, दात काढताना रक्त थांबलं नसेल, घोळणा फुटत असेल, तर रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) सांगतील. गळती चालू ठेवून गोळी देणं म्हणजे बूच नसलेल्या हंड्यात पाणी ओतणं. जंतांमुळेही आतड्यातून रक्त जातं. जंताची अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅची गोळी शाळेत १० फेब्रुवारीला आणि ऑगस्टमध्ये देतात, त्या दिवशी गैरहजर होती का विचारा.

वेर्णा_शिफ्ट:
बायकोला फॅक्टरीत पॅकिंग लाइनवर आठ तास उभं राहावं लागतं, हिमोग्लोबिन १०.१. थायरॉइडची गोळीही आहे. तिलाही हेच लागू?

औषधी_फडताळ:
हो, फक्त थायरॉइडची गोळी आणि लोह यांत चार तासांचं अंतर. थायरॉइड पहाटे उपाशीपोटी, लोह दुपारी. शिफ्टमध्ये कॅन्टीनचा चहा दोनदा होतो, तिथेच लोह वाया जातं, म्हणून गोळीची वेळ ब्रेकपासून दूर ठेवा. आठवड्याने शिफ्ट बदलत असेल तर घड्याळाची वेळ नको, ‘जेवणानंतर दोन तासांनी’ असं ठरवा.

डिचोलीची_आई:
फेरिटिन आलं: ६. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहिली, १०० मिग्रॅ लोहाची. पाळीचं मोजतेय. परीक्षेपर्यंत काय अपेक्षा धरू?

नळीतलं_रक्त:
बर्फ आणि चुळबुळ आधी कमी होईल. महिन्याने त्याच लॅबमध्ये हिमोग्लोबिन करा, निदान एक ग्रॅम चढलेलं हवं. चढलं नाही तर गोळी खरंच घेतली जातेय का, चहा मध्ये येतोय का, रक्तस्राव चालू आहे का, या क्रमाने बघा. मग डॉक्टर शिरेतून लोह द्यायचं की नाही ते ठरवतील, त्याची सोय जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेज) विचारा. सगळं जुळलं तर दोन-अडीच महिन्यांत १२ गाठेल, म्हणजे परीक्षेच्या बरंच आधी. तिथे गोळी थांबवू नका, साठ्यासाठी पुढचे तीन महिने चालू. परीक्षेच्या दिवसांत मळमळ नको म्हणून वेळ पेपरनंतरची ठेवा. मध्ये कधी बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडली किंवा चक्कर येऊन पडली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्या.