घरी मद्य गाळणे कायदेशीर आहे का?

प्रश्न: घरी वाइन आंबवण्यास जिथे मुभा आहे, तिथेही तीच वाइन गाळून (म्हणजे उकळून, तिची वाफ थंड करून) मद्यार्क काढणे बहुधा गुन्हा का ठरते? विक्रीचा हेतू मुळीच नसला तरी?

उत्तर १: हेतू बहुतेक ठिकाणी गौणच ठरतो. मद्यार्कावरील उत्पादन शुल्क हे सरकारांचे जुने उत्पन्न असल्याने विनापरवाना गाळणेच निषिद्ध असते. न्यूझीलंडने मात्र १९९६ मध्ये स्वतःपुरते गाळण्यास मुभा दिली. विक्रीला परवाना लागतोच.

उत्तर २: महसुलापेक्षा मला आगीचा मुद्दा अधिक गंभीर वाटतो. इथेनॉल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि नळीच्या सैल सांध्यातून निसटलेली वाफ ज्योतीपर्यंत पोहोचली की भडका उडतो. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

उत्तर ३: काही देशांत नुसते गाळणयंत्र बाळगण्यावरही निर्बंध असतात, तेव्हा ते विकत घेण्याआधीच आपल्याकडील अबकारी कायदा वाचावा.