मदत हवी आहे: क्योटोत तीन दिवस, सोबत आईबाबा, जेवण शुद्ध शाकाहारी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टोकियोहून क्योटोला जायचंय, हातात पूर्ण तीन दिवस. यादीत कियोमिझु-देरा, फुशिमी इनारी, किंकाकु-जी आणि आराशियामा. आईचे गुडघे दुखतात, आणि दोघंही मासे-अंडी खात नाहीत. जेआर पास (जपान रेल्वेचा प्रवासी पास) घ्यावा का? बसचा दिवसभराचा पास कुठे मिळतो? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
बसचा एक दिवसाचा पास २०२३ मध्येच विकायचा बंद झाला. आता भुयारी रेल्वे आणि बसचा एकत्र पास मिळतो, ११०० येनला. पण तुम्ही जाताय ते दिवस लाल पानांच्या ऐन गर्दीचे. तेव्हा बस रस्त्यातच अडकतात, म्हणून शक्य तिथे रेल्वेच धरा. किंकाकु-जीला क्योटो स्टेशनवरून थेट बस घेऊ नका. भुयारी रेल्वेच्या कारासुमा लाइनने किताओजीपर्यंत जा आणि तिथून २०४ किंवा २०५ नंबरची बस पकडा. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना २३० येन भरायचे. पेटी उरलेले पैसे परत देत नाही, त्यामुळे सुटे हवेतच. इकोका, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड असेल तर हा प्रश्नच येत नाही.

७ दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनचा झाला. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. नुसतं जाऊन-येऊन करणार असाल तर पास घेऊ नका. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर जात असेल तर सामानाच्या जागेसकट सीट आधीच आरक्षित करा, नाहीतर गाडीत १००० येन भरावे लागतात. जाताना 'ई' सीट मागा, फुजी त्या बाजूला दिसतो.

प्रतिसाद २
इनारीला जेआर नारा लाइनची लोकलच घ्या. क्योटोपासून दुसऱ्या क्रमांकाचं स्टेशन आहे, पण जलद गाडी तिथे थांबत नाही आणि पुष्कळ जण थेट पुढे निघून जातात. २३३ मीटरच्या डोंगराची पूर्ण फेरी दोन तासांची, सगळ्या पायऱ्याच. आईंना तोरींच्या, म्हणजे लाल कमानींच्या, पहिल्या दाट रांगेपर्यंत नेऊन परत फिरा, तेवढ्यात मुख्य ते पाहून होतं. हे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान आहे: दोनदा वाकायचं, दोनदा टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवायच्या नाहीत.

कियोमिझु सकाळी ६ ला उघडतं. चढण टाळायला टॅक्सीने जितकं वर जाता येईल तितकं जा. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं, हाताने ओढू नका.

प्रतिसाद ३
जेवणाचं नीट समजून घ्या. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की मांसाचे तुकडे काढून देतात, पण रस्सा कात्सुओ माशाच्या दाशीचाच, म्हणजे मासा उकळून काढलेल्या पाण्याचाच राहतो. उदोन (जाड नूडल्स), मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं), शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत ती असते. नान्झेन-जी मंदिराजवळ मिळणाऱ्या युदोफू या पदार्थात टोफू कोम्बूच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पाण्यात उकळतात, पण बुडवून खायच्या सॉसमध्ये मासा असू शकतो. ही ओळ जपानी लिपीत लिहून घ्या आणि दाखवा: 'निकु, साकाना, कात्सुओ-दाशी, तामागो नाशि दे ओनेगाइशिमासु' (मांस, मासे, कात्सुओची दाशी, अंडी नसलेलं द्या).

खात्रीचं जेवण म्हणजे शोजिन र्योरी, बौद्ध मठातलं. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, आपल्या चातुर्मासासारखं. आराशियामात तेन्र्यू-जी मंदिराच्या आवारात 'शिगेत्सु' हे असं जेवण देणारं उपाहारगृह आहे. आधी आरक्षण करा, आणि बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं हे धरून चला. दुकानातल्या ओनिगिरीत (भाताचा गोळा) उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची चालेल असं वाटतं, पण तिच्यातही कात्सुओ असू शकतो. साधी मिठाची घ्या.

मूळ प्रश्नकर्ता
खूप आभार! आईला फारसं चालावं न लागता आणखी काही पाहता येईल का?

प्रतिसाद ३
'तो-जी' हे मंदिर. क्योटो स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, रस्ता सपाट. व्याख्यान-मंडपात २१ मूर्ती आहेत. त्यांत हंसांवरचे बोन्तेन म्हणजे ब्रह्मदेव आणि हत्तीवरचे ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. आईबाबांना आधी सांगू नका, स्वतःच ओळखू द्या. आत फोटो काढायचे नाहीत. दुपारी जरा लवकर पोहोचा, त्या दिवसांत पावणेपाचलाच सूर्य मावळतो. आणि तीनही दिवस चटकन काढता येतील असे बूट आणि जाड मोजे घाला. बऱ्याच मंदिरांत बूट काढावे लागतात, आणि लाकडी फरशी पायाला फार थंड लागते.