महामारीत शाळा तगली म्हणताना नेमकं कोण तगलं?

खडूफळा (धागाकर्ता):
महामारीतल्या ऑनलाइन शाळेचा विषय निघाला की 'दोन वर्षं वाया गेली' असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे पटत नाही. मी स्वतः शिकवतो. युनेस्कोच्या हिशेबाने एप्रिल २०२० मध्ये जगभरात सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. अशा वेळी, कसलंही प्रशिक्षण नसताना, शिक्षकांनी मोबाइलवर वर्ग चालू केले. मुलं रोज ठरल्या वेळी हजर व्हायची. घरात आजारपण असतानाही व्हायची. शिकवणं पहिल्यासारखं झालं नाही हे कबूल, पण शाळेशी नाळ तुटली नाही. याला तगणं म्हणायचं नाही तर कशाला?

आणि हे काही पहिल्यांदा घडलं नाही. १९३७ साली पोलिओच्या साथीमुळे शिकागोतल्या शाळा उघडायला उशीर झाला, तेव्हा तिसरी ते आठवीचे धडे रेडिओवर दिले गेले. वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचं.

शंकासुर:
सर, शिकागोत ज्यांच्या घरी रेडिओ नीट लागत नव्हता ती मुलं तेव्हाही मागे पडलीच होती. ते सोयीस्करपणे गाळलंत.

हजर होणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. जी हजर झालीच नाहीत त्यांचं काय? युनिसेफने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं की किमान ४६.३ कोटी मुलांपर्यंत रेडिओ, टीव्ही, इंटरनेट यांपैकी काहीच पोचत नव्हतं. बरं, जिथे सगळं पोचत होतं तिथलं बघा. नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या आणि इंटरनेट घरोघरी. तरी चाचण्यांतून दिसलं की घरी बसून मुलं जवळपास काहीच नवं शिकली नव्हती. त्यातही कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांचं नुकसान इतरांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त. म्हणजे शाळा तगली, ती ज्यांच्या घरीच शाळा होती त्यांची.

घरचीशिक्षिका:
+१ शंकासुर.
आमच्याकडे दोन मुलं आणि फोन एकच. दोघांचे तास एकाच वेळी. कोणाचा तास बुडवायचा हे रोज सकाळी मी ठरवायचे आणि जिचा बुडाला तिला दुपारी मीच शिकवायचे, स्वतःचं काम बाजूला सारून. शाळेच्या अहवालात मात्र 'उत्साहपूर्ण प्रतिसाद'! खडूफळा सर, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण त्या कौतुकात आमच्या कष्टांची कुठे नोंद तरी आहे का?

कुंपणावरचा:
वाचतोय. दोन्ही बाजू पटताहेत, त्यामुळे पंचाईत झालीय.

खडूफळा:
घरचीशिक्षिका, तुमचा मुद्दा मान्य. शंकासुर, तुमचा अर्धाच.

नेदरलँड्सचं उदाहरण इतकंच सांगतं की पडद्यासमोर बसवलं म्हणजे शिकवलं असं होत नाही. पण दूर राहून शिकवताच येत नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही. बोट्स्वानात २०२० मध्ये एक प्रयोग झाला. काही घरी दर आठवड्याला गणिताची उदाहरणं साध्या एसएमएसने पाठवली. काही घरी एसएमएस पाठवून वर शिक्षकांनी थोडा वेळ फोनही केला. नुसत्या एसएमएसने फारसा फरक पडला नाही. फोन आला त्या मुलांचं गणित सुधारलं. इंटरनेट लागलंच नाही!

शंकासुर:
अहो, मग हा माझाच मुद्दा झाला की! उपयोगी पडला तो विचारपूस करणारा माणूस. ऑनलाइन वर्गांच्या ॲपवर झालेल्या खर्चाबद्दल हा प्रयोग काय सांगतो?

शिवाय शाळा इतका काळ बंद ठेवायलाच हव्या होत्या का, हा प्रश्न तुम्ही टाळताय. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा सुरू ठेवल्या. तिथे प्राथमिकच्या मुलांचं वाचन घसरलेलं दिसलं नाही. युगांडात मार्च २०२० ला बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या त्या जानेवारी २०२२ मध्ये. तिथल्या मुलांना तगण्याबद्दल भाषण कोण देणार?

खडूफळा:
बंदीचा निर्णय शिक्षकांनी घेतला नव्हता, तेव्हा तो जाब मला विचारू नका. शिवाय २०२० च्या मार्चमध्ये या विषाणूबद्दल कोणाला फारसं ठाऊक नव्हतं.
पुढच्या वेळेसाठी मी एवढंच मागेन: प्रत्येक मुलाच्या घरचा चालू नंबर शाळेकडे असावा, आणि कोणत्या शिक्षकाने कोणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं असावं.

घरचीशिक्षिका:
आणि फोन शाळेचा असावा, शिक्षकांच्या खिशातला नव्हे.

शंकासुर:
यादी करा, हरकत नाही. पण ज्या घरी फोनच नाही तिथे कोण जाणार, हेही त्याच यादीत लिहा. आणि ती फेरी शिक्षकाच्या तासांमध्ये धरा, नाहीतर पुन्हा त्यांच्या संध्याकाळीच त्यात जातील.