बाबांच्या डायरीतलं "मा." म्हणजे काय? घाटावरच्या जुन्या ड्रायव्हर लोकांनी प्लीज सांगा

फोंड्याची_लेक

नमस्कार मंडळी. माझे बाबा १९७९ ते २०१२ ट्रकवर होते, आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर, जवळजवळ सगळा जन्म फोंडा–बेळगाव–हुबळी लाइनवर म्हणजे गोव्यातून कर्नाटकात चढणाऱ्या अनमोड घाटातून. जाताना खत नाहीतर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, येताना भाजी, कांदे, कधी बागलकोटचं सिमेंट. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा आला, उजवी बाजू गेली, सगळं समजतं त्यांना पण शब्द बाहेर येत नाही, एक वाक्य सांगायला दहा मिनिटं लागतात आणि मग ते रागावून गप्प बसतात.

गणेश चवथीच्या आधी साफसफाई करताना त्यांची पत्र्याची पेटी उघडली तर त्यात अकरा डायऱ्या मिळाल्या, खिशात मावतील अशा छोट्या. प्रत्येक ट्रिपचा हिशोब आहे, डिझेल, हमाली, पंक्चर, चहा, जेवण, नाका सगळं. पण मध्येच "मा. १००", "मा. ६०", एकदा "मा. ४००" असं लिहिलंय आणि दोन-तीन दिवसांनी तीच रक्कम परत लिहून तिच्यावर आडवी रेघ मारलीय. जेवणाचे पैसे वेगळे लिहिलेत म्हणजे ते जेवण नव्हे. आईला वाटतंय हे मामूल असणार, नाक्यावर चारायचे पैसे, आणि तेव्हापासून ती जरा नाराज आहे कारण बाबा नेहमी सांगायचे मी कोणाला कधी चारलं नाही. मला ते पटत नाही, मामूल कधी परत मिळतं का? आणखी एक गोष्ट, बाबा २०१२ पर्यंत गाडीवर होते पण फेब्रुवारी २००९ नंतर "मा." एकदाही नाही.

त्या लाइनवर कोणी होता का तुमच्यापैकी? आणि तेव्हाच्या रस्त्यावरच्या हॉटेलांबद्दल जे आठवेल ते लिहा, मी रात्री बाबांना वाचून दाखवते, ऐकताना त्यांचा चेहरा बदलतो.

पणजी_७७

मोले नाका असेल. घाटाच्या पायथ्याला मोले चेकपोस्टला कागद दाखवायला पैसे लागायचे ना, घाईत मो. च्या जागी मा. लिहिलं असेल.

जुनं_स्टिअरिंग (उसगाव)

पोरी, मामूल पण नव्हे आणि मोले पण नव्हे. नाक्याचे पैसे तुझ्या बाबांनी वेगळे लिहिलेत असं तूच सांगतेस. "मा." म्हणजे मावशी. हे मी डोळे मिटून सांगतो कारण माझ्या वहीत पण तेच होतं फक्त मी पूर्ण लिहायचो.

मोले नाक्याच्या अलीकडे, फोंड्याहून येताना डाव्या हाताला एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, पुढे मंगलोरी कौलं, मागे पत्रा, दोन लांब बाकडी फणसाच्या फळ्यांची, चूल लाकडाची. पाटी नव्हती. कोण "मावशीकडे" म्हणायचा कोण नुसतं "वडाकडे". पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, पावाची पाटी टाकून जायचा आणि साडेपाचला पातळ भाजीचं टोप चुलीवरून खाली उतरायचं, हळसांद्यांची म्हणजे चवळीची उसळ, तळलेली मिरची, आणि चहा काचेच्या ग्लासात. दुपारी शीत-कडी म्हणजे भात आणि आमटी, बाजारात मासळी असली तर बांगडा नाहीतर सुकं. घाटावरचे ड्रायव्हर असायचे त्यांना मासळी चालत नसे काहींना, त्यांच्यासाठी ती वेगळ्या टोपात आमटी करायची आणि त्या टोपाला मासळीची पळी लागू देत नसे, एकदा एका पोराने लावली तर सगळी आमटी तिने ओतून परत केली, हे मी समोर बसून बघितलंय.

आता पैशाचं सांगतो. तेव्हा मालक ट्रिपला निघताना भत्ता द्यायचा तो मोजून मापून, आणि भाड्याचे पैसे मिळायचे माल खाली झाल्यावर तिकडे बेळगाव हुबळीला. मधे घाटात गाडीचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटला, टायर फुटला, पोलिसांनी अडवलं तर हातात काय? मोबाईल नाही, एटीएम नाही. म्हणून घाट चढायच्या आधी आम्ही मावशीकडून शंभर दोनशे हातउसने घ्यायचो, लागले तर वापरायचे नाही तर तसेच, आणि उतरताना पहिलं काम तिचे पैसे परत. व्याज नाही, चिठ्ठी नाही. तिला अक्षर येत नव्हतं पण गाडीचे नंबर वाचायची, जीडीने सुरू होणारे जुने नंबर आणि नंतरचे जीए सगळे तोंडपाठ. माणसाचं नाव विसरेल पण नंबरावरून सांगेल की ह्याचे ऐंशी बाकी. म्हणजे तुझ्या बाबांनी शंभर लिहून रेघ मारली ना, ती रेघ म्हणजे परत दिले. आईला सांग की हा माणूस चारणारा नव्हता, फेडणारा होता.

सावर्डे_टिपर

मी घाटावर नव्हतो, मी खनिजाच्या गाडीवर, खाण ते नदीचा धक्का आणि परत, दिवसाला जेवढ्या ट्रिपा तेवढे पैसे. त्यामुळे आमचं जेवण म्हणजे दहा मिनिटं, गाडीचं इंजिन पण बंद करायचं नाही कोण कोण. आमच्या बाजूच्या हॉटेलात चहाच्या ग्लासावर बशी पालथी घालून द्यायचे कारण रस्त्यावरची तांबडी धूळ सगळीकडे, बशी उचलली की तिच्यावर बोटाने नाव लिहिता यायचं एवढी. पावाला पण ती चव लागायची. अजून लाल मातीचा वास आला की मला भाजी-पाव आठवतो, काय करणार.

मावशीसारखंच आमच्याकडे पण एक जण होता, त्याची वही जाड लाल कापडाची. आम्ही रोजचं खाणं वहीत आणि महिन्याचं पेमेंट आलं की चुकतं करायचं. सगळे टिपरवाले तसेच, पन्नास साठ गाड्या सहज. मग सप्टेंबर २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. एका आठवड्यात रस्ता रिकामा. लोक ट्रकमालकांचं बोलतात, बँकेच्या हप्त्यांचं बोलतात, ते बरोबरच, पण हॉटेलवाल्याची ती वही कोणी बघितली? आमच्याकडेच काम नाही तर उधारी कुठून भागवायची. त्याने दोन महिने तरी चूल पेटवली, येईल त्याला चहा दिला, नंतर बंद. माझ्या नावावर दोन हजार तीनशे होते. ते द्यायला मला २०१५ उजाडलं, गेलो तर तो मुलाकडे राहायला गेलेला, शोधून काढला, त्याने पैसे घेतले आणि वही आणून माझं पान फाडून माझ्या हातात दिलं. ते पान माझ्याकडे आहे. काही लोकांनी दिलेच नाहीत हे पण खरं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं, ते उपाशीपोटी आपल्याला जेवू घालणारे लोक होते.

खानापूर_रोड

मी भाजीच्या गाडीवर होतो. रात्री बेळगाव सोडायचं आणि पहाटेच्या आत म्हापसा नाहीतर मडगाव मार्केट गाठायचं, उशीर झाला की भाव पडला आणि व्यापारी तोंड भरून शिव्या घालणार. त्यामुळे आमचा थांबा रामनगरला. सुपा धरणात ज्यांची गावं गेली ती माणसं तिथे येऊन वसली, त्यातल्या काहींनी रस्त्याला चहाचे गाडे टाकले. रात्री दोनला पण कंदील पेटलेला असायचा. थंडीच्या दिवसात तिथे हात शेकायला मिळायचे, खाली गोव्यात येऊन सांगितलं की कोणाला पटायचं नाही एवढी थंडी.

पण एक सांगतो, सगळीच हॉटेलं मावशीसारखी नव्हती. काही ठिकाणी मागच्या खोलीत दारू आणि पत्ते, ड्रायव्हरचा भत्ता तिथेच संपायचा आणि तोच माणूस मग गाडी न्यूट्रल मारून घाट उतरायचा डिझेल वाचवायला, म्हणजे मालकाकडून घेतलेल्या डिझेलमधले पैसे परत काढायला. लोड गाडी न्यूट्रलमध्ये, नुसत्या ब्रेकवर, ब्रेक तापले की काही उरत नाही. माझ्या ओळखीतले दोघं असे गेले. म्हणून चांगल्या हॉटेलवालीची किंमत नुसती जेवणात नव्हती. मावशी म्हणजे तीच ना, जी प्यालेल्या ड्रायव्हरच्या गाडीची चावी काढून तांदळाच्या डब्यात टाकायची? आमच्या लाइनला ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

जुनं_स्टिअरिंग (उसगाव)

हो हो तीच. चावी तांदळात. सकाळी अंघोळ केल्याशिवाय द्यायची नाही. मागे ओहोळाचं पाणी पाइपने आणून मोठ्या ड्रममध्ये सोडलेलं, त्याच पाण्याने अंघोळ आणि त्याच पाण्याने रेडिएटर. जुन्या टाटा १२१० ट्रकला घाट चढताना पाणी उकळायचं, दोन कॅन बरोबर घेतल्याशिवाय मावशी सोडत नसे, क्लीनरच्या हातात स्वतः द्यायची. क्लीनर पोरांना ती अर्ध्या पैशात जेवण द्यायची आणि भात दोनदा वाढायची, कारण चढावर गाडी थांबली की चाकाखाली ठोकळा घालायला धावणार तो पोरगाच. फोंड्याची लेक, तुझे बाबा क्लीनर होते तेव्हा ते तिथे असेच जेवले असणार.

आणि भिंतीवर खिळे होते. पंधरा वीस. त्याला चिठ्ठ्या टोचलेल्या, "गाडी तिनईघाटला उभी, पाटा तुटला, मालकाला फोन करा", "घरून निरोप आहे, मुलगा झाला". कोणाची चिठ्ठी कुठल्या खिळ्याला ते तिला माहीत, वाचता येत नसून. वर जाणारा ड्रायव्हर खाली येणाऱ्यासाठी ठेवणार आणि उलट. माझ्या आईच्या आजारपणाचा निरोप मला त्या खिळ्यावर मिळाला, नाहीतर मी आणखी तीन दिवस हुबळीलाच थांबलो असतो.

५ जुलै १९८६ ला पणजीला मांडवीचा पूल पडला तेव्हा म्हापशाच्या बाजूच्या आम्हा लोकांना डिचोली, साखळी, उसगाव, फोंडा असं फिरून यावं लागायचं, फेरीबोटीच्या रांगेत लोड गाडी घेऊन कोण उभा राहणार. त्या काळात आमच्या उसगाव तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, रातोरात गाडे उभे राहिले. चांगले चालले काही, पण निरोप ठेवायचा तर मावशीकडेच.

मावशी गेली २००९ ला, शिगम्याच्या आसपास. म्हणून तुझ्या डायरीत पुढे "मा." नाही. पोरी, मला हे लिहिताना बरं वाटत नाहीय पण तू विचारलंस म्हणून.

फोंड्याची_लेक

काका, मी काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. आई पण बसली होती. तांदळाच्या डब्याचं वाचलं तेव्हा बाबांनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर थाप मारली, दोनदा. मग मी "डाव्या हाताला हॉटेल" वाचलं तर मान हलवून नाही म्हणाले, आणि बोटाने उजवीकडे दाखवलं. खूप वेळ आम्हाला कळलं नाही, मग आई म्हणाली अहो येताना म्हणताय का, घाट उतरताना उजव्या हाताला? तर हो म्हणाले. "हो" स्पष्ट म्हणाले. त्यांच्या डोक्यात ते हॉटेल उतरतानाचंच आहे, घरी येतानाचं.

शेवटची डायरी परत काढून बघितली. फेब्रुवारी २००९, "मा. २००", आणि चार दिवसांनी तीच रक्कम, वर रेघ. आईने ते पान हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि बाबांच्या उशाशी ठेवलं, काही बोलली नाही.

बाबांना तिथे घेऊन जायचंय. आता काय आहे त्या जागेवर? व्हीलचेअर उतरवता येईल का?

जुनं_स्टिअरिंग (उसगाव)

हॉटेल नाही आता. मावशीच्या मुलाने दोन-तीन वर्षं चालवलं पण खाणी बंद पडल्यावर खालची गिऱ्हाइकं गेली आणि घाटावरचे नवे ड्रायव्हर थांबत नाहीत, त्यांच्या गाड्या तापत नाहीत, फोन खिशात आहे. नाक्यावरच्या विक्रीकराच्या कागदांची रांग पण २०१७ ला जीएसटी आला तशी गेली, त्या रांगेत उभे असायचे तेच लोक चहाला यायचे. भिंत पडली, चुलीच्या जागी गवत आहे. वड आहे. वडाखाली सपाट जागा आहे, गाडी लागते, व्हीलचेअर आरामात उतरेल.

रविवारी नको, दूधसागरला जाणाऱ्या टुरिस्ट गाड्यांची गर्दी असते. मधल्या वारी आणा आणि पहाटे आणा, साडेपाच सहाला, मी तिस्कावर उभा राहतो मला उचला. बाबांना पुढच्या सीटवर बसवा. आधी सरळ मोले नाक्यापर्यंत जाऊ, तिथून गाडी वळवू आणि उतरताना येऊ, म्हणजे वड उजव्या हाताला येईल. भाजी-पाव मी घरून करून आणतो.