शब्दचर्चा: तलवारी ‘जमवणे’, ‘निवडणे’ की ‘वेचणे’?

प्रश्न: जपानी तलवारींच्या संग्राहकांवर मराठीत लिहिते आहे. ही मंडळी दिसेल ती तलवार घेत नाहीत. कुणी एकाच ‘स्कूल’च्या, कुणी एकाच काळातल्या, तर कुणी नुसत्या त्सुबा, म्हणजे पातं आणि मूठ यांच्या मधल्या चकत्या, घेतात. याला ‘क्युरेट करणे’ लिहायचं नाहीये. ‘संकलन’ सरकारी वाटतं. ‘स्कूल’ला काय म्हणू? आणि त्सुबाला ‘परज’ चालेल का?

प्रतिसाद: ‘स्कूल’ला सरळ ‘घराणं’ म्हणा, ताई. विद्या गुरूकडून शिष्याकडे आणि बापाकडून मुलाकडे जाते, शिवाय घराण्याची ओळख कामातून पटते. फक्त यामाशिरो, यामातो, बिझेन, सोश्यू आणि मिनो या पाच प्रांतांच्या रीतींना ‘परंपरा’ म्हणा. बिझेन ही परंपरा, तिच्यातलं ओसाफुने हे घराणं.

प्रतिसाद: ‘परज’ नको. आपल्या तलवारीत परज मुठीलाच जडलेली असते. जपानी तलवारीची बांबूची खुंटी काढली की मूठ निघते आणि त्सुबा सुटी होऊन हातात येते. म्हणून तर ती वेगळी जमवता येते. त्सुबा हाच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.

आता मुख्य शब्द. मी ‘वेचणे’च्या बाजूने आहे. तांदूळ निवडताना नजर खड्यावर असते, फुलं वेचताना हव्या त्या फुलावर. नवा संग्राहक ‘जमवतो’: मेइजी काळातली झगमगीत म्यानं, गंजकी पाती, सैनिकी तलवारी, सगळंच. पुढे नजर तयार झाली की तो चार तलवारी विकून एक घेतो. हे चार विकणं तुमच्या शब्दात आलं पाहिजे, आणि ‘संकलन’मध्ये ते येत नाही.

त्याची नजर कुठे जाते ते लेखात जरूर दाखवा. मूठ काढल्यावर दिसतो नाकागो, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. त्यावरचा गंज कधीही घासायचा नाही. त्याचा काळपट रंग आणि पोत पाहून वयाचा अंदाज बांधतात, कानशीच्या रेघांची दिशा पाहून घराण्याचा. खुंटीची भोकं दोन-तीन असली तर पातं पुढे कधीतरी आखूड केलं असण्याची शक्यता असते. आखूड करताना खालचाच भाग कापतात, त्यामुळे तिथली कारागिराची सही बहुतेकदा जाते. बिझेनच वेचणाऱ्याला अशा बिनसहीच्या पात्यावरही बरंच वाचता येतं: धारेलगतच्या पाणी दिलेल्या रेषेत लवंगेच्या आकाराचे उंचवटे आणि त्यांच्यावर पोलादात दिसणारी धुक्यासारखी छाया, उत्सुरी. एकाच परंपरेची पाती वर्षानुवर्षं पाहिल्याशिवाय ही छाया डोळ्यांना सापडत नाही. आवाका मुद्दाम आखडता घेण्याचं खरं कारण हेच, पैसा नंतर.

प्रश्नकर्ती: वा! मग ‘जतन’ कुठे वापरू?

प्रतिसाद: त्याला हक्काची जागा आहे. 1948 साली स्थापन झालेली जपानची तलवार-जतन संस्था तज्ज्ञांकडून तपासून प्रमाणपत्रं देते. त्यातली सगळ्यात खालची पायरी ‘होझोन’, म्हणजेच जतन. तिच्यावर ‘तोकुबेत्सु होझोन’, मग ‘जुयो’ आणि ‘तोकुबेत्सु जुयो’. पुष्कळ संग्राहक अमुक पायरीच्या खालचं घेतच नाहीत. मला स्वतःला ते पटत नाही. पात्याऐवजी कागद वेचला जातो. सही खरी, पातं निरोगी आणि घराण्याचं वैशिष्ट्य स्पष्ट असेल, तर खालच्या पायरीची तलवार शिकायला जास्त उपयोगी पडते.

प्रतिसाद: एक भर. देऊन टाकणं हेही संग्राहकाचंच काम, त्यालाही शब्द ठेवा. अमेरिकेतले मोठे संग्राहक वॉल्टर कॉम्प्टन यांच्याकडे बिझेनच्या कुनिमुने या कारागिराने घडवलेली तलवार आली. ती कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानची, राष्ट्रीय ठेवा ठरलेली आणि युद्धानंतर जपानबाहेर गेलेली निघाली. 1963 साली त्यांनी ती मोबदला न घेता परत केली. इथे ‘दान’ लिहू नका. ज्याची वस्तू त्याला मिळाली, म्हणून ‘परत केली’ एवढंच पुरे.

प्रश्नकर्ती: ठरलं तर. नवख्यासाठी ‘जमवणे’, जाणत्यासाठी ‘वेचणे’, तलवारीची निगा आणि प्रमाणपत्रासाठी ‘जतन’. ‘फोकस’ला मात्र अजून अडले आहे.

प्रतिसाद: ‘रोख’ घ्या. ‘त्यांच्या संग्रहाचा रोख कामाकुरा काळातल्या बिझेन पात्यांवर आहे.’ वाचताना कुठे अडखळत नाही.